तुमचा कोण लागत होता तो?

२२ जुलै २०२५, मंगळवार, रात्र

ड्यूटीवरून आले, बूट काढता काढता फोन पाहिला. दादाचा एकच शब्द आला होता : "गेला."

नाव लिहिलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती. भारतात मध्यरात्र झालेली असणार, तरी फोन लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला आणि मग दोघंही गप्प. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सतरा दिवस गं. फक्त सतरा दिवस."

५ जुलैला ऑझी ऑस्बर्न इथे, या बर्मिंगहॅममध्ये, शेवटचं गायला होता. आज सकाळी गेला. वय ७६. घरची माणसं जवळ होती, असं कुटुंबाच्या निवेदनात आहे. ते वाचून जरा बरं वाटलं. माझ्या कामात मी फार माणसं एकटी जाताना पाहिली आहेत.

आमच्या बोलण्याने तिकडे आई उठली. कोण गेलं, म्हणून विचारत होती. दादा म्हणाला, एक गायक. तिने विचारलं, "मग तुम्ही दोघं रडताय कशाला? तुमचा कोण लागत होता तो?"

तिच्या विचारण्यात खोच नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. तिच्या हिशेबात दुःखाला नातं लागतं : चुलता, मावसा, शेजारी, निदान ओळखीचा तरी. दादाला उत्तर देता आलं नाही, मलाही नाही.

मी त्याला कायम 'तो'च म्हणत आले. आजोबांच्या वयाचा माणूस, पण 'ते ऑस्बर्न' असं कधी तोंडात आलंच नाही. विठोबाला तरी आपण कुठे अहोजाहो करतो?

झोप येणार नाही, म्हणून लिहितेय. दादा नववीत होता, मी पाचवीत. त्याने कुणाकडून तरी कॅसेट भरून आणली होती. वॉकमनच्या हेडफोनची एक बाजू त्याच्या कानाला, दुसरी माझ्या. आधी पाऊस, मग ढगांचा गडगडाट, लांब कुठेतरी चर्चची घंटा आणि मग गिटारचे ते तीन जड सूर. त्याच्या बँडची, ब्लॅक सॅबथची पहिली रेकॉर्ड, १९७० सालची. मी घाबरून हेडफोन काढायला लागले, तर दादाने माझा हात धरला. "थांब, तो गाईपर्यंत थांब."

आणि तो गायला. समोर काहीतरी काळं उभं आहे आणि हा माणूस देवाची करुणा भाकतोय. मी हात खाली घेतला. मला तेव्हा इंग्रजी जेमतेम कळायचं, पण आवाज कळला. घाबरवणारा गायक नव्हता तो. घाबरलेला होता. रात्री दिवे गेल्यावर मी जशी घाबरायचे तसाच. मोठा माणूस असा उघड घाबरू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.


२३ जुलै, बुधवार

सकाळी टीव्हीवर जिकडेतिकडे वटवाघूळ. १९८२ साली अमेरिकेतल्या डे मॉइन शहरात प्रेक्षकातल्या कुणीतरी स्टेजवर वटवाघूळ फेकलं, रबराचं असेल समजून याने त्याला चावा घेतला आणि मग रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली. झालं. पन्नासहून जास्त वर्षं गायलेल्या माणसाची गोष्ट तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. मला याचा मनापासून राग येतो. युद्धाच्या योजना आखून गरिबांच्या पोरांना मरायला धाडणाऱ्या सेनापतींवरचं ते गाणं? व्हिएतनाम युद्ध चालू असताना, १९७० साली आलेलं. शब्द बँडमधल्या गीझर बटलरचे, पण ते शब्द शिव्याशापासारखे आभाळात भिरकावले या माणसाने. त्यावर कुणी मिनिटभर तरी बोला की.

व्यसनं होती. त्यापायी त्याने जवळच्या माणसांना फार दुखावलं, हेही खरं आहे. ते मी लपवत नाही. त्यानेही कधी लपवलं नाही.

केअर होममध्ये आज सगळे शांत होते. आमच्याकडे एक आजोबा आहेत, आयुष्यभर इथल्याच कारखान्यात काम केलेले, आता पार्किन्सन्स. सकाळची गोळी द्यायला गेले तर म्हणाले, "हर्ड अबाउट अवर ऑझी, बॅब?" बॅब म्हणजे बाळ, पोरी. इथे म्हातारी माणसं कुणालाही म्हणतात. पण मी थबकले ते त्या 'अवर' शब्दाला. आपला ऑझी.

त्या शेवटच्या कार्यक्रमाचं मला तिकीट मिळालं नव्हतं. घरी बसून थेट प्रक्षेपण पाहिलं. ऑझी स्टेजखालून वर आला, मोठ्या काळ्या सिंहासनावर बसून. लोक जल्लोष करत होते आणि माझी नजर त्याच्या हातांवर होती. कामाची सवय. त्यालाही पार्किन्सन्स होता, २०२० च्या जानेवारीत त्याने ते जाहीर केलं. शिवाय मणक्यावर शस्त्रक्रिया झालेल्या. बाहेरच्या माणसाला या आजारातला फक्त हाताचा कंप दिसतो. आम्हाला बाकीचं दिसतं. डोपामिन तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरत जातात, स्नायू ताठरतात, चेहरा मुखवट्यासारखा होतो, गिळणं अवघड होतं. आणि आवाज बारीक होत जातो. आपण मोठ्याने बोलतोय असं त्या माणसाला वाटत असतं आणि समोरच्याला काही ऐकू येत नसतं. गोळी वेळेवर पडली तर काही तास बरे जातात, अर्धा तास उशीर झाला तरी अंग लाकूड होतं.

असा माणूस चाळीस हजारांवर लोकांसमोर बसून गायला. आधी स्वतःची पाच गाणी, मग सॅबथच्या जुन्या तिघांबरोबर चार. चौघं मिळून तब्बल वीस वर्षांनी. मध्येच तो हातांवर जोर देऊन उठू पाहत होता. उठणं जमत नव्हतं, तरी पुन्हा प्रयत्न करत होता. मी टीव्हीसमोर बसून "बस रे, बस" म्हणत होते, एखाद्या पेशंटला म्हणावं तसं. मी सहा वर्षं पडून होतो, असं त्याने लोकांना सांगितलं. मग ते १९९१ सालचं संथ गाणं आलं, घरी परत येतोय असं सांगणारं. शब्द मोटरहेड बँडच्या लेमीचे. गाण्यातली 'मामा' म्हणजे आई नव्हे, बायको, शॅरन. तिथे त्याचा आवाज हलला, सूर सुटला, आणि लोकांनी तो उचलून धरला.

गायकाला गाणं आठवेना म्हणून नव्हे, तर शरीर साथ देईना म्हणून लोकांनी त्याचं गाणं पुढे नेलं. मी असं कधी पाहिलं नव्हतं.

आज आजोबांच्या खोलीत फोनवर हळू आवाजात एक गाणं लावलं. सकाळपासून त्यांना धड वाक्य बोलता येत नव्हतं. दुसऱ्या ओळीला ते पुटपुटायला लागले. ताल मिळाला की कधीकधी असं होतं, बोलणं अडलेला माणूस गातो, पाऊल अडलेला चालतो. तिसरी ओळ जवळजवळ स्पष्ट होती.


२६ जुलै, शनिवार

सुट्टी. सकाळी बसने अॅस्टनला गेले. लॉज रोडवरचं १४ नंबरचं घर. विटांची एकसारखी घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत, त्यातलंच एक. एवढुशा घरात सहा भावंडं आणि आईवडील. वडील रात्रपाळीला, टूलमेकर. आई लुकासच्या कारखान्यात. पोरगा पंधराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागला. काही दिवस गाड्यांचे हॉर्न जुळवायचं काम केलं, काही दिवस कत्तलखान्यात. घरफोडी करताना सापडला, दंड भरायला पैसे नव्हते म्हणून विन्सन ग्रीनच्या तुरुंगात काही आठवडे काढले. दंड भरला नाही तो वडिलांनी, मुद्दाम, पोराला धडा मिळावा म्हणून. मग बाहेर आल्यावर माइक आणि अॅम्प्लिफायरही त्याच वडिलांनी कर्ज काढून घेऊन दिला. या बापाबद्दल कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.

टोनी आयोमी, त्यांचा गिटारवाला, याच भागातला. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे सूरही खाली उतरवले. कॅसेटवर आम्ही ऐकलेला तो जड आवाज कारखान्यात तुटलेल्या हाताचा आहे, हे मला इथे राहायला आल्यावर कळलं.

त्या घरापासून व्हिला पार्क, फुटबॉलचं मैदान, चालत जाण्याइतकं जवळ आहे. लहानपणी जिथे मॅचला आलेल्यांच्या गाड्या राखून चार पैसे मिळवायचा, तिथेच शेवटचं गायला. दाराशी फुलं होती, काळे टी-शर्ट, चिठ्ठ्या. मी फूल नेलं नव्हतं. हात रिकामे असल्याची लाज वाटली.

दुपारी शहराच्या संग्रहालयात. त्याच्यावरचं प्रदर्शन जूनमध्येच सुरू झालं आहे, आता तिथे शोकपुस्तिकाही ठेवली आहे. रांगेत माझ्यापुढे एक बाई, साठीच्या. त्यांनी डाव्या हाताच्या चार बोटांवर पेनाने चार अक्षरं काढली होती, ऑझीच्या बोटांवर गोंदलेली होती तशीच. एक बोट, एक अक्षर.

माझी पाळी आली आणि इंग्रजीत काही सुचेना. मग मराठीत लिहिलं : 'तुला भीती वाटायची ते तू मोठ्याने गाऊन दाखवलंस. त्यामुळे आम्हा दोघा भावंडांची भीती कमी झाली.' खाली आधी दादाचं नाव, मग माझं. तो मोठा आहे आणि कॅसेट त्याची होती.

त्या बाई वळून बघत होत्या. यात त्याचं नाव कुठे आहे, म्हणाल्या. नाव लिहिलंच नव्हतं मी. कोपऱ्यात लिहून दाखवलं : ऑझी. "ओन्ली टू?" असं म्हणून त्यांनी उजवा हात पुढे केला. मी दोन बोटांवर दोन अक्षरं काढून दिली. त्यांची बोटं गार होती.


३० जुलै, बुधवार

अर्ध्या दिवसाची रजा. अंत्ययात्रेसाठी ब्रॉड स्ट्रीटला लवकर पोचले, तरी पुढची जागा गेलेलीच. पुलावर सॅबथच्या चौघांचे चेहरे असलेलं ते बाकडं आहे, ते फुलांखाली पार बुडालं होतं. फुलं, बिअरचे कॅन, मुलांनी काढलेली चित्रं. खांद्यावर पोरं घेतलेले बाप, काठी घेतलेल्या आज्या, हातभर टॅटूवाले आडदांड पुरुष, आणि सगळे हलक्या आवाजात बोलत होते. शेजारच्या माणसाने विचारलं, लांबून आलीस का? म्हटलं, इथल्याच सेली ओकहून. त्याने मान हलवली आणि त्याच्यापुढे उभं राहायला जागा दिली. मी ठेंगणी आहे म्हणून.

दादाला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "दाखवू नकोस. फोन खिशात ठेव. फक्त ऐकू दे."

एकच्या सुमाराला आधी ब्रास बँड आला. सॅबथचीच गाणी. कारखान्यांच्या त्या गाण्यांना पितळी वाद्यं किती शोभली! जे सूर ऐकून पाचवीतली मी हेडफोन काढणार होते, ते आज भर दुपारी, रस्त्यावरून, सावकाश चालत येत होते. त्यामागे शववाहिनी. आत जांभळ्या फुलांत त्याचं नाव. गर्दीतून "ऑझी, ऑझी" सुरू झालं, मग पुलाशी गाडी थांबली आणि आवाज आपोआप विरला.

शॅरन उतरली. मुलांनी दोन्हीकडून धरलं होतं. लोक तिचं रडणं पाहत होते, मी तिची पाठ पाहत होते. आजारी माणसाला वर्षानुवर्षं उचलून, सांभाळून, रात्री उठून बायकांची पाठ कशी होते, ते मला ठाऊक आहे. तिने फुलं पाहिली, चिठ्ठ्या पाहिल्या, आणि लोकांकडे वळून दोन बोटं उंचावली, तो करायचा तशी. शेजारचा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. मी त्याला रुमाल दिला. त्याचं नाव मी विचारलं नाही, त्यानेही माझं विचारलं नाही.

गाड्या गेल्या. खिशातला फोन काढला तर दादा अजून लाइनवर. "ट्रॉम्बोन होता ना?" म्हणाला. बराच वेळ आम्ही फक्त त्या बँडबद्दल बोललो.

तिथून थेट ड्यूटीवर गेले. आजोबांना सगळं सांगितलं, पुन्हा पुन्हा, कारण ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

रात्री घरी पोचतेय तोच आईचा फोन. ती इतक्या रात्री जागी राहत नाही.

"झालं का गं त्यांचं सगळं? नीट झालं?"

म्हटलं, "हो. नीट झालं. खूप माणसं होती."

"घरची माणसं होती ना?"

"होती."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू घरी आल्यावर आंघोळ केलीस?"

"नाही अजून."

"कर मग आधी. डोक्यावरून कर. आणि दादालाही सांगते."