सेंट पिरान दिन: कॉर्निश ऐकायची असेल तर पेरनपोर्थला जा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलच्या संत पिरानचा दिवस 5 मार्चला असतो. तिथल्या ट्रुरो शहराची मिरवणूक त्याच दिवशी निघते. शाळांची मुलं, बँड, काळ्यावर पांढरा क्रूस असलेले झेंडे, सगळं बघण्यासारखं, पण त्या गजरात कॉर्निश, म्हणजे इथली जुनी केल्टिक भाषा, कानावर फार पडत नाही. तिच्यासाठी 5 मार्चच्या जवळचा रविवार धरून पेरनपोर्थच्या वाळूच्या टेकड्या गाठा.

लंडनच्या पॅडिंग्टनहून ट्रुरोला थेट गाडीने साडेचार-पाच तास लागतात. पेरनपोर्थची रेल्वे 1963 मध्येच बंद झाली, त्यामुळे पुढे बस. रविवारी बस मोजक्याच असतात आणि रेल्वेची दुरुस्तीही बहुधा रविवारीच निघते, म्हणून शनिवारी ट्रुरोत मुक्काम करा आणि परतीची शेवटची बस आधीच बघून ठेवा. जमायची जागा आणि वेळ त्या वर्षीच्या सूचनेत तपासा.

त्या रविवारी टेकड्यांत पिरानच्या गोष्टीचं नाटक चालता चालता होतं. गळ्यात जात्याची तळी बांधून आयर्लंडच्या समुद्रात ढकललेला पिरान तरंगत इथे येतो. एक प्रसंग संपला की सगळी गर्दी झेंडे घेऊन पुढच्या टेकाडाकडे निघते. वाटेत त्याचं जुनं प्रार्थनास्थळ लागतं. वाळूपासून वाचवायला 1980 मध्ये ते पुरून टाकलं होतं, 2014 मध्ये पुन्हा उघडलं. शेवट दगडी क्रूसापाशी होतो. तिथे डॅफोडिलची फुलं वाहतात आणि ‘ब्रो गोथ’ हे गीत म्हणतात. चाल वेल्सच्या राष्ट्रगीताचीच आहे, पण शब्द कॉर्निश. कडवी छापून घ्या आणि आवाज चढवून म्हणा, कोणी परकं समजत नाही.

वारा समुद्राकडून येतो. बोलणाऱ्यांच्या मागे, समुद्राच्या बाजूला उभं राहिलात तर शब्द उडून जातात, म्हणून जमिनीच्या बाजूला थांबा. छत्री उलटी होते, टोपीचं जाकीट हवं. कॅनव्हासच्या बुटांत वाळू भरते, घोट्यापर्यंतचे बूट घाला. टेकड्यांत स्वच्छतागृह नाही. पायवाट सोडू नका, गवत तुडवलं की वाळू सुटते.

तीन बोल येत असले की बरंच साधतं: ‘डीद डा’ म्हणजे नमस्कार, ‘मर राझ’ म्हणजे आभारी आहे, आणि त्या दिवसाचं ‘गोल पेरन लोवेन’, पिरान दिनाच्या शुभेच्छा. ‘डीद’चा द शेवटी जीभ दातांना हलकेच लावून, श्वास सोडत म्हणायचा. 2021 च्या जनगणनेत कॉर्निश ही मुख्य भाषा म्हणून नोंदवणारे काही शेच निघाले. इथले बहुतेक बोलणारे मोठेपणी वर्गांत शिकलेले आहेत, त्यामुळे नवख्याला सावकाश, पुन्हा पुन्हा सांगायचा त्यांना कंटाळा नसतो.

खायला पेस्टी, म्हणजे सारण भरून भाजलेली करंजीसारखी पोळी. अस्सल पेस्टीत गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड हा सलगमसारखा कंद असतो. ज्यांना गोमांस चालत नाही त्यांनी चीज-कांद्याची मागावी, आणि ती दुपारच्या आत घ्यावी, कारण आधी तीच संपते.

सोमवार हाताशी असेल तर गप्पांसाठी जमणाऱ्या ‘येथ अन वेरिन’च्या बैठकीची चौकशी करा. त्या बऱ्याचदा पबमध्ये होतात आणि नुसतं ऐकत बसलेलंही चालतं.