हरणाच्या रायफलसाठी हलक्या गोळीची काडतुसे घरी भरताना : माझा अनुभव

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात रायफलने हरणांची शिकार करण्याचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाल्यामुळे आमच्या पिढीतल्या मराठी माणसाला घरातून या विषयाचा काही वारसा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. येथे ग्रीन कार्ड हाती आल्यावर, १ जानेवारी १९७३ पासून पुढे जन्मलेल्यांना बंधनकारक असलेला सुरक्षित शिकारीचा अभ्यासक्रम मी पूर्ण केला आणि .३०८ विंचेस्टर काडतुसाची एक हलकी रायफल घेतली.

रायफल वजनाने हलकी असली की खांद्यावर वागवायला सोयीची होते, पण झाडताना तिचा धक्का तितकाच जास्त बसतो. माझा बांधा लहान आहे. दुकानातल्या १५० ग्रेन, म्हणजे सुमारे ९.७ ग्रॅम गोळीच्या काडतुसांनी सराव करताना घोडा दाबण्याच्या आधीच माझे डोळे मिटत, आणि त्या स्थितीत जिवंत प्राण्यावर नेम धरणे मला पटत नव्हते. नळीतून जी गोळी आणि जो वायू पुढे फेकला जातो, त्यांच्या वजनावर आणि वेगावर धक्का ठरतो. म्हणून गोळी हलकी आणि तिला ढकलणारी बंदुकीची दारूही बेताची, असे काडतूस हवे होते. तसे तयार काडतूस आमच्या भागात सहज मिळत नसल्याने ते स्वतः भरण्याचे ठरवले. स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला येथे संघराज्याचा परवाना लागत नाही. विकायची असतील तर मात्र लागतो.

पहिला प्रश्न गोळीचा होता, आणि माझ्या मते या साऱ्या उद्योगातला खरा प्रश्न तोच आहे. .३०८ इंच व्यासात ११० ते १३० ग्रेनच्या गोळ्या पुष्कळ मिळतात, परंतु त्यांतल्या काही लहान उपद्रवी प्राण्यांसाठी बनवलेल्या असतात. त्यांचे कवच पातळ असल्यामुळे हरणाच्या खांद्यावर आदळताच त्या वरच्यावर फुटू शकतात, आणि जखमी जनावर मरणप्राय अवस्थेत रानात निघून जाते. पूर्ण कवचाची, न पसरणारी गोळी तर हरणासाठी कायद्यानेच वर्ज्य आहे. केवळ वजनाचा आकडा बघून डबा उचलू नये, ही गोष्ट आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी मला इतक्यांदा बजावली की शेवटी मी त्यांच्यासमोरच डब्यावरचा मजकूर वाचून दाखवला. मी निवडलेली गोळी १२५ ग्रेनची, म्हणजे सुमारे ८.१ ग्रॅमची, आणि हरणाच्या आकाराच्या प्राण्यासाठीच बनवलेली होती.

दारूच्या बाबतीत ‘कमी म्हणजे सुरक्षित’ हा हिशेब चालत नाही. मंद जळणारी दारू पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, फार थोडी भरली तर दाब अनपेक्षितपणे वाढू शकतो. म्हणून कमी भरण, म्हणजे दारूचे कमी माप, चालते असे उत्पादकाने स्वतः सांगितलेली दारूच घ्यावी लागते. हॉजडनची एच४८९५ ही तशी आहे. छापील कमाल भरणाच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येण्याची मुभा ती कंपनी देते. मी किती ग्रेन भरली तो आकडा येथे मुद्दाम देत नाही, कारण तो माझ्या रायफलचा आणि माझ्या गोळीचा आहे. प्रत्येकाने चालू आवृत्तीच्या भरणपुस्तिकेतूनच सुरुवात करावी.

पुंगळ्यांची तयारी हे काम वेळखाऊ आहे, पण त्यात सांगण्यासारखे फार नाही. स्वच्छ करायच्या, तडा गेलेली बाजूला काढायची, वंगण लावून डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, मूळ मापावर आणायच्या आणि कॅलिपरने लांबी तपासायची. .३०८ च्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच आहे. त्यापुढे गेलेली २.००५ पर्यंत कातरायची. दारू पेटवणारा मसुराच्या दाण्याएवढा प्रायमर पुंगळीच्या बुडात बसवल्यावर तो बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत गेला आहे ना, हे मी प्रत्येक पुंगळीवर बोट फिरवून पाहते.

दारू मोजताना टेबलावर एकच डबा ठेवायचा, हा नियम मी कधीही मोडत नाही. ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजणाऱ्या दांडीच्या तराजूवर घरातल्या हीटरच्या झडपेतून येणारी हवासुद्धा परिणाम करते. काटा स्थिर का राहत नाही हे कळेपर्यंत मी तराजूलाच दोष देत होते, नंतर ती झडप बंद करून बसू लागले. कमी भरणामुळे पुंगळीत मोकळी जागा बरीच उरते, त्यामुळे चुकून दुसऱ्यांदा दारू ओतली गेली तर ती लगेच लक्षात येईलच असे नाही. म्हणून पुंगळ्या उभ्या ठेवण्याच्या ठोकळ्यातल्या सगळ्या पुंगळ्या भरून झाल्या की गोळ्या बसवण्याआधी टॉर्च घेऊन ओळीने प्रत्येकीत डोकावायचे आणि पिवळसर काळ्या दाण्यांची पातळी सगळीकडे सारखी आहे याची खात्री करायची.

गोळी बसवताना हलकेपणाची दुसरी बाजू समोर आली. हलकी गोळी आखूडही असते. नळीतल्या आट्यांच्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या, जवळ जावी म्हणून ती बाहेर काढत गेले, तर पुंगळीच्या मानेत धरायला पुरेसा भाग उरत नाही. काडतुसाची एकूण लांबी २.८१० इंचांच्या मर्यादेतच असावी लागते. माझे काडतूस त्याहून बरेच आखूड ठेवावे लागले. गोळीला आट्यांपर्यंत मोकळी उडी घ्यावी लागल्याने नेम बिघडेल अशी धास्ती होती, परंतु १०० यार्डांवर तीन गोळ्यांचा घोळका दीड इंचात येऊ लागला आणि माझे डोळे उघडे राहू लागले. रायफलवरच्या दुर्बिणीची मांडणी मात्र नव्याने करावी लागली, कारण जुन्या मांडणीवर या गोळ्या भलतीकडेच लागत होत्या.

वेग कमी झाला की गोळी पसरण्याची खात्री अंतराबरोबर घटते, म्हणून मी स्वतःला १२५ यार्डांची मर्यादा घालून घेतली. आमच्या झाडीत त्याहून लांबचे दिसतेही क्वचित. हंगामात ७० एक यार्डांवर, माझ्याकडे कूस करून उभ्या असलेल्या मादीवर मी एकच बार केला. गोळी फासळ्यांतून आरपार गेली आणि मादी थोडे अंतर धावून पडली. २००२ पासून या राज्यात हरणांमध्ये सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आढळत असल्यामुळे डोके तपासणीला दिले आणि अहवाल येईपर्यंत मटण फ्रीजरमध्येच ठेवले.

साफसफाई करताना जखमेभोवती शिशाचे बारीक कण दिसले, तेव्हा तो भाग मी सढळ हाताने कापून टाकला. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या मटणात असेच कण आढळल्यावर ते वाटपातून काढून टाकायला सांगितले गेले होते, हे मला ठाऊक होते. आता १३० ग्रेनची पूर्ण तांब्याची गोळी आणली आहे. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनात ही गोळी लांब होते आणि पुंगळीत जास्त जागा घेते. शिवाय पसरण्यासाठी तिला अधिक वेग लागतो. त्यामुळे जुने भरण तिला चालणार नाही, आणि पुस्तिकेतल्या तिच्या पानावरचे सुरुवातीचे भरण घेऊनच मला पुन्हा कामाला लागायचे आहे.