तुम्ही विचारलंत म्हणून : आधी मोठ्यांचा वर्ग

सोसायटीतून, वस्तीतून, शाळेच्या पालकसभेतून मला येणारा फोन साधारण सारखाच असतो. "ताई, आमच्या मुलांना ते गुड टच-बॅड टच शिकवायला याल का? अर्धा तास पुरे." येते म्हणते, पण आधी दीड तास तुमचा. मग पलीकडे जरा शांतता. परवा धायरीच्या एका बाईंनी सरळच विचारलं, "मुलांना सोडून तुम्ही आमच्याच मागे का लागता हो?"

माझी लेक दुसरीत होती. एका सकाळी म्हणाली, "मला व्हॅनमध्ये पुढे नाही बसायचं." मी डबा भरत होते. म्हटलं, "अगं, त्या जागेसाठी पोरं भांडतात, तुला आपणहून मिळतेय तर बस की." तिने दप्तर उचललं आणि गेली. पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका मुलीच्या आईकडून कळलं, व्हॅनकाका पुढे बसणाऱ्या मुलींना काय करत होता ते. म्हणजे माझ्या लेकीने सांगितलं होतं. तिला शिकवायचं काहीच उरलं नव्हतं.

आणि मग आम्ही चार आयांनी काय केलं? व्हॅन बदलली. बोभाटा नको म्हणून गप्प बसलो. तो माणूस दुसऱ्या शाळेची मुलं नेत असेल, हे तेव्हा आमच्या डोक्यातही आलं नाही. आज ते आठवलं की झोप लागत नाही.

मूल कधी "माझ्यावर अत्याचार झाला" असं म्हणत नाही. ते म्हणतं, क्लासला नाही जायचं. पोटात दुखतंय. मामा आवडत नाही. दरवेळी त्यामागे असंच काही असतं असं नाही. बरेचदा गृहपाठच झालेला नसतो. पण "का गं?" एवढं विचारायला डबा दोन मिनिटं बाजूला ठेवावा लागतो.

खरं तर 'बॅड टच' हा शब्दच मला पटत नाही. चार वर्षांच्या पोराला इंजेक्शन वाईट वाटतं. मांडीवर घेऊन मोबाइल दाखवणारा, गुदगुल्या करणारा दादा वाईट कसा वाटेल? त्यापेक्षा, 'आईला सांगू नकोस' असं जो म्हणेल त्याचं आईला आधी सांगायचं, हे त्याला लवकर कळतं. एका हळदीकुंकवात मी बायकांना शरीराच्या अवयवांची नावं सांगायला लावली. कोपर, घोटा, बेंबी झाली आणि पुढे सगळ्या पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. शेवटी एक आजी म्हणाल्या, "आम्ही शेमशेम म्हणतो." आता त्या जागेचं नावच लाज ठेवलं, तर तिथे काही झाल्यावर पोर कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय पाहुणे आले की "काकांना पापी दे" म्हणून अंग चोरणाऱ्या लेकराला पुढे ढकलणारे आपणच. नको म्हणायची सवय आपणच मोडतो आणि मग अर्ध्या तासात ती शिकवायला मला बोलावतो.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून २००७ मध्ये अहवाल काढला होता. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. हा आकडा सांगितला की मुलग्यांच्या आया मान वर करतात. त्रास देणारे बरेचसे ओळखीतले, विश्वासातले. आपण मात्र अजून पोतंवाल्या बाबाचीच भीती घालतो.

कायदा आता आपल्या बाजूने आहे. नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागू आहे, अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना सारखाच. कळूनही पोलिसांना न कळवणं हाच त्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आम्ही चौघी आज त्यात सापडलो असतो. मुलाचा जबाब घरी घेता येतो, पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं, नाव-फोटो छापायला बंदी आहे. मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर फुकट लागतो. बोभाट्याची भीती बऱ्यापैकी इथेच विरते.

आणि मूल बोललंच तर? "तू गेलीसच कशाला?" हे तोंडाशी येतं, ते गिळायचं. "बरं केलंस सांगितलंस, तुझं काही चुकलं नाही," एवढंच म्हणायचं. मग आत्याला, शेजारणीला, बाईंना तेच तेच पुन्हा सांगायला लावायचं नाही.

गेल्या वर्षी एका ढोल-ताशा पथकाने सराव सुरू व्हायच्या आधी बोलावलं. मोठे वादक मांडी घालून बसले. माझं बोलून झाल्यावर त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, "रात्री दहाला ही लहान पोरं घरी कुणाच्या गाडीवर जातात?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणालाच नीट सांगता येईना. त्याच रात्री वही आणून यादी केली त्यांनी.

तर धायरीच्या ताई, रविवारी संध्याकाळी पाचला येते. हॉलमध्ये फक्त आया नकोत, बाबांनाही बसवा. ते दारातूनच "तुमचं चालू द्या" म्हणून सटकतात. आजी-आजोबांना नक्की आणा, दिवसभर मुलं त्यांच्याकडेच असतात. आणि वॉचमनकाकांसाठीही एक खुर्ची ठेवा.