कॉलेज निवडले बेसाल्टवरून, अडकलो सातबाऱ्यावर

मार्चअखेर माझ्या हाती अमेरिकेतील चार छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांचे, म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंत नाना विषय शिकवणाऱ्या कॉलेजांचे, प्रवेश होते. निबंध, शिफारसपत्रे आणि इंग्रजीची परीक्षा यांत मला विशेष अडचण आली नाही. म्हणून लिहितो आहे ते निवडीविषयी आणि त्या निवडीच्या आड आलेल्या एका कार्यालयाविषयी.

मला भूशास्त्र शिकायचे होते आणि डोंगराजवळ राहायचे होते. अशा कॉलेजांत पीएचडीचे विद्यार्थी सहसा नसतात, त्यामुळे क्षेत्रकार्य आणि प्रयोगशाळेतील उपकरणे पदवीच्या विद्यार्थ्यांच्याच वाट्याला येतात. कोलोराडो कॉलेजात १९७० पासून एका वेळी एकच विषय साडेतीन आठवडे शिकवतात, त्यामुळे दुसरा तास न बुडवता सबंध वर्ग कित्येक दिवस डोंगरात नेता येतो. परंतु रसायनशास्त्र त्या वेगाने माझ्या पचनी पडले नसते. मिनेसोटातील कार्लटनचे भूशास्त्र नावाजलेले आहे आणि आवाराला लागून ८०० एकरांहून मोठे राखीव रान आहे, मात्र भोवतालचा मुलूख सपाट. वॉशिंग्टन राज्यातील व्हिटमन कॉलेज कोलंबिया नदीच्या बेसाल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर, वसलेले आहे. आपला दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर तिथला मुख्यतः १.६ कोटी वर्षांच्या आसपासचा. पण थरावर थर चढलेले लाव्हाचे तेच पायऱ्या-पायऱ्यांचे कडे दोन्हीकडे दिसतात. साताऱ्याच्या मुलाला यापेक्षा अधिक काय सांगायला हवे?

चौथ्या कॉलेजाचे नाव लिहीत नाही. कागदावर ते सर्वांत सरस होते, आणि खर्चाचा आकडा वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर असल्याने त्यांची आर्थिक मदत कळल्याशिवाय निर्णय घेणे शक्य नव्हते. बाकीच्या तिघांनी मदतीचा आकडा प्रवेशपत्रासोबतच कळवला. यांच्या आर्थिक मदत कार्यालयाने मात्र ‘माहिती अपूर्ण’ असा शेरा मारला, कारण आम्ही सीएसएस प्रोफाइल या आर्थिक मदतीच्या अर्जात वडिलोपार्जित शेतजमीन प्रामाणिकपणे नोंदवली होती. त्यांना त्या जमिनीतील वडिलांच्या हिश्श्याची बाजारभावाने किंमत हवी होती. जमीन अजून आजोबांच्या नावावर, वारसनोंद व्हायची आहे, वाटप झालेले नाही आणि दोन काका व एका आत्याचाही तिच्यावर हक्क आहे, हे आम्ही सविस्तर लिहून कळवले. उत्तरादाखल पुन्हा तोच प्रश्न आला. सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर नोटरी करून पाठवले, तेव्हा त्यातील ‘आकार’ या रकान्यातील काही रुपये म्हणजे जमिनीचे वार्षिक उत्पन्न आहे काय, अशी विचारणा झाली. तो शेतसारा असतो, हे समजावण्यात आणखी एक आठवडा गेला. कारण आमची रात्र ही त्यांची कचेरीची वेळ, आणि प्रत्येक वेळी नवा कर्मचारी पहिल्यापासून सुरुवात करीत असे. महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच विकता येते, शिवाय न वाटलेल्या जमिनीतला हिस्सा विकून कोणी मुलाची फी भरत नाही, ही गोष्ट त्यांच्या कोणत्याच रकान्यात बसेना.

अखेर आमच्या सीएंनी रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, दराने संपूर्ण जमिनीचे मूल्य, वडिलांचा संभाव्य हिस्सा आणि तो विकण्यातील कायदेशीर अडथळे असे सारे एका पानात मांडून, सही-शिक्क्यानिशी पत्र दिले. ते पोहोचल्यावर विचारणा थांबल्या. ज्यांच्या घरी सामाईक जमीन आहे, त्यांनी असे पत्र अर्ज भरतानाच, म्हणजे डिसेंबरपूर्वी, तयार ठेवावे. मागितल्यावर धावाधाव करू नये.

आणखी एक आठवले, ते खरे तर आधीच सांगायला हवे होते. प्रवेशअर्जासोबत मदत मागितली नाही, तर परदेशी विद्यार्थ्याला ती नंतर मागता येत नाही, असा अनेक कॉलेजांचा नियम आहे. तसेच शिष्यवृत्तीच्या मोठ्या आकड्याकडे न पाहता, आरोग्य विमा व विमानभाडे धरून खिशातून नेमके किती जाणार ते मोजावे, आणि फी दरवर्षी वाढते तशी मदतही वाढणार का, हे लेखी विचारून घ्यावे.

प्रवेश निश्चित करण्याची अंतिम तारीख १ मे होती. चौथ्या कॉलेजाचा आकडा एप्रिलच्या अगदी शेवटी आला आणि तो बराही होता. पण तोवर माझे मन त्या कार्यालयावरून इतके उडाले होते की पुढची चार वर्षे दर वर्षी त्याच लोकांना तोच सातबारा समजावण्याची कल्पनाही नकोशी झाली. वडिलांना हे कारण पोरकट वाटले. मला अजूनही वाटत नाही. व्हिटमनची अनामत रक्कम आम्ही त्याच रात्री भरली, आणि डोंगरात जायचे तंबू, स्लीपिंग बॅग वगैरे साहित्य तिथे भाड्याने मिळते हे कळल्यावर आईने सामानाच्या यादीतून निम्म्या वस्तू काढून टाकल्या.