तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या होम कॉम्प्युटरसाठी सी कंपायलर कुठला घ्यायचा?

‘कमोडोर ६४ किंवा स्पेक्ट्रमसाठी सगळ्यात चांगला सी कंपायलर (सी भाषेतला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत नेणारा) कुठला?’ हा प्रश्न वरचेवर येतो. त्याला जोडून हमखास दुसराही येतो: कॉलेजातलं टर्बो सी चालेल का? नाही चालणार. ते इंटेलच्या ८०८६ कुळासाठी कोड काढतं. आधी मशीनमधला प्रोसेसर बघा, कंपायलरचं नाव नंतर. आणि कंपाइल आजच्या पीसीवरच करा. ६४ केबीत एडिटर, कंपायलर आणि तुमचा प्रोग्रॅम कोंबण्यात काही मजा नाही.

कमोडोर ६४ मध्ये ६५१० प्रोसेसर आहे, म्हणजे ६५०२ च. त्याचा हार्डवेअर स्टॅक (तात्पुरत्या गोष्टी रचून ठेवायची जागा) अवघा २५६ बाइटचा. म्हणून ६५०२ साठीचा कंपायलर सीसी६५ लोकल (त्या त्या फंक्शनपुरत्या) व्हेरिएबल्ससाठी मेमरीत वेगळा स्टॅक सांभाळतो आणि इथेच वेग जातो. एका बाइटच्या लोकल काउंटरमध्ये एक मिळवायचा तर प्रोसेसरच्या वाय रजिस्टरमध्ये ऑफसेट (स्टॅकमधलं अंतर) भरा, पॉइंटरमधून बाइट उचला, कॅरी पुसा, बेरीज करा, परत ठेवा: प्रोसेसरच्या घड्याळाच्या १७ सायकल. तोच काउंटर स्टॅटिक (कायम एकाच पत्त्यावरचा) केला की आयएनसी (एक वाढव) या एकाच सूचनेत, ६ सायकलमध्ये भागतं. सगळी लोकल्स स्टॅटिक करणारा पर्यायही सीसी६५ मध्ये आहे. फक्त स्वतःलाच हाक मारणारं (रिकर्शनचं) फंक्शन मग बिघडतं. जिथे २५५ च्या वर जायचं नाही तिथे दोन बाइटचा इंट नको, एका बाइटचा अनसाइन्ड कॅर घ्या.

ही कसरत नको असेल तर एलएलव्हीएम-मॉस किंवा ऑस्कर६४ हे कंपायलर घ्या. दोघेही पूर्ण प्रोग्रॅम एकत्र पाहतात आणि ज्या फंक्शनला रिकर्शन नाही त्याची लोकल्स आपणहून ठरावीक पत्त्यावर बसवतात. ऑस्कर६४ चा भर मुख्यतः कमोडोरवर. अ‍ॅपल २, अटारी अशा बऱ्याच मशीनवर तोच प्रोग्रॅम न्यायचा असेल, तर माझं मत अजूनही सीसी६५ लाच. मात्र त्यात फ्लोट (अपूर्णांकी संख्या) नाही. शिवाय कमोडोरसाठी तो अक्षरं पेटस्की या कमोडोरच्या स्वतःच्या अक्षर-कोडात बदलतो: कोडमधला स्मॉल ‘ए’ ९७ नाही, ६५ होतो. पीसीवरून आणलेली टेक्स्ट फाइल वाचताना तुलना जुळत नाहीत त्या यामुळेच.

स्पेक्ट्रमला (भारतात डेसिबेल्सने विकलेला डीबी स्पेक्ट्रम+ ही त्यातच आला) झेड८० प्रोसेसर आहे, तिथे झेड८८डीके हा संच घ्या. त्यात दोन कंपायलर मिळतात. एससीसीझेड८० झटकन कंपाइल करतो, रोजच्या खटपटीला तोच बरा. शेवटच्या बिल्डला दुसरा, म्हणजे एसडीसीसी, वापरा आणि कोड किती कसून आवळायचा ते ठरवणारा मॅक्स-अ‍ॅलॉक्स-पर-नोड हा पर्याय २,००,००० वर न्या. कोड आटोपशीर होतो, पण चहा करून या. कोड ३२७६८ च्या वरच ठेवा, कारण रॅमच्या त्याखालच्या १६ केबीत स्क्रीन काढताना यूएलए ही चित्र काढणारी चिप प्रोसेसरला थांबवून धरते.

स्पेक्ट्रमवरचा सगळ्यात छळणारा बग आयवाय रजिस्टरचा. रॉमचं (मशीनमधल्या कायमच्या प्रोग्रॅमचं) इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून मध्येच येणारं काम, सेकंदाला ५० वेळा येतं आणि आयवायमध्ये २३६१० हा पत्ता आहे असं धरूनच चालतं. तुमच्या असेंब्लीने ते बदललं असेल, तर कळ दाबताच रॉम भलत्याच बाइटमधला एक बिट चढवते. प्रोग्रॅम लगेच पडत नाही, नंतर कधीतरी पडतो, म्हणून दोष कंपायलरवर जातो. आयवाय वापरण्याआधी इंटरप्ट बंद करा आणि पुन्हा सुरू करण्याआधी त्यात २३६१० परत भरा.

दोन्हीकडे मेमरी अचानक संपली, तर आधी मजकूर छापणारं प्रिंटएफ शोधा. एकदा वापरलं तरी फॉरमॅटिंगचं सगळं बिऱ्हाड सोबत येतं. सीसी६५ मध्ये सीपुट्स (मजकूर छापायला) आणि आयटूए (आकड्याचा मजकूर करायला) एवढ्यावर भागतं. काय किती जागा खातंय ते लिंकरच्या (प्रोग्रॅमचे तुकडे जोडणाऱ्याच्या) मॅप फाइलमध्ये दिसेल.