नीसेकोची पावडर : लाँग वीकेंडच्या ट्रिपमध्ये आम्ही कसे शिकलो

जपानला पावडर स्कीइंगसाठी, म्हणजे ताज्या, न दाबलेल्या भुसभुशीत बर्फावर स्की करायला जायचंय पण सुट्टी जेमतेम एका लाँग वीकेंडची आहे, एवढ्यात काही जमेल का, असं विचारणारे बरेच जण भेटतात, म्हणून जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या नीसेकोला केलेल्या आमच्या ट्रिपबद्दल जरा सविस्तर लिहितेय. आम्ही तोक्योला राहतो, निशी-कासाईत. मी आणि माझा नवरा दोघंही स्कीइंग शिकलो ते गुलमर्गला, आणि इकडे आल्यावर शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने पटकन जाता येतं त्या युझावाच्या उतारांवर. म्हणजे मशीनने दाबून सपाट केलेल्या ग्रूम्ड उतारावर आम्हाला व्यवस्थित येतं, इथे लाल रंगाने दाखवतात त्या मध्यम अवघड रनची भीती वाटत नाही. पण रात्रभर पडलेल्या, कुणीही न दाबलेल्या, गुडघ्याच्या वर येणाऱ्या बर्फात स्की करणं हे वेगळंच काम आहे. ते थोड्या दिवसांत जमतं, नक्की जमतं, फक्त ट्रिप त्यासाठी आखायला लागते.

पहिला वाद तिथेच झाला. नवऱ्याच्या डोक्यात नीसेको, मग रुसुत्सू, मग फुरानो असा सगळा दौरा होता. मी म्हटलं, "अरे फुरानो होक्काइदोच्या पार मधोमध आहे आणि नीसेको पश्चिमेला, आपण बर्फात कमी आणि बसमध्ये जास्त असू." शेवटी ठरलं की एकच डोंगर, एकच हॉटेल, आणि रोज त्याच उतारांवर जायचं. हे मी सगळ्यांना आग्रहाने सांगते, कारण पावडरमध्ये शिकायचं असेल तर डोंगर ओळखीचा होणं फार गरजेचं आहे, वारा कुठून येतो, बर्फ कुठल्या बाजूला साठतो, कुठे उतार संपून सपाट होतं आणि स्की अडकते, हे नकाशा बघून कळत नाही, त्याच त्याच ठिकाणी पुन्हा गेलं की कळतं.

नीसेको म्हणजे एकाच डोंगराच्या अंगाखांद्यावर असलेली चार रिसॉर्ट, हिराफू, हानाझोनो, नीसेको व्हिलेज आणि आन्नुपुरी, आणि वरच्या बाजूला ती एकमेकांना जोडलेली आहेत. डोंगराचं नाव नीसेको आन्नुपुरी, उंची १३०८ मीटर. आता ही उंची बघा, आपलं महाबळेश्वर याच्यापेक्षा थोडं उंचच आहे! गुलमर्गला गोंडोलाने वर गेलं की धाप लागते, इथे तो प्रश्नच नाही, शरीर पहिल्या सकाळपासून कामाला तयार. समोर योतेई उभा असतो, १८९८ मीटरचा, फुजीसारखा निमुळता, म्हणून त्याला एझो फुजी असंही म्हणतात. ऑस्ट्रियाचे लष्करी अधिकारी थिओडोर फॉन लेर्ख, ज्यांनी १९११ साली जपानी सैनिकांना स्कीइंग शिकवलं, ते १९१२ मध्ये या योतेईवर स्की घेऊन चढले होते. आकाश मोकळं झालं आणि योतेई दिसला की लिफ्टमधले सगळे फोन बाहेर काढतात, आम्हीही काढले.

एवढ्या कमी उंचीवर एवढा बर्फ कसा, तर त्याचं कारण मराठी माणसाला लगेच पटेल. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून ओला वारा येतो, सह्याद्रीला अडतो आणि घाटमाथ्यावर सगळं पाणी ओततो, तसंच इथे होतं, फक्त वारा सैबेरियाहून येतो. तो निघताना कोरडा आणि भयंकर थंड असतो, जपानच्या समुद्रावरून येताना त्या मानाने कोमट पाण्याची वाफ उचलतो आणि होक्काइदोच्या पहिल्या डोंगरांना धडकला की बर्फ पाडायला लागतो, जानेवारीत तर दिवसेंदिवस थांबत नाही. एका सीझनला १४-१५ मीटर बर्फ पडतो असं धरतात. आणि तो हलका असतो कारण ढगात साधारण उणे १५ अंशाच्या आसपास जे फांद्या फुटलेले, नक्षीदार स्फटिक तयार होतात ते एकावर एक पडताना मध्ये भरपूर हवा अडकते. हे स्फटिक तापमान आणि दमटपणानुसार कसे बदलतात ते सापोरोच्या होक्काइदो विद्यापीठात नाकाया उकिचिरो यांनी शोधून काढलं, जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक त्यांनीच १९३६ मध्ये तिथे बनवला. मला हे आधीपासून माहीत होतं म्हणून असेल, पण लिफ्टवर बसल्यावर काळ्या ग्लोव्हवर पडलेला एकेक स्फटिक मी बघत बसायचे, नुसत्या डोळ्यांनी सहा फांद्या दिसतात.

जाण्याचं सोपं आहे. तोक्योच्या हानेदा विमानतळाहून होक्काइदोच्या न्यू चितोसे विमानतळाला विमान, दीड तास, तिथून थेट बस, बर्फावर अवलंबून अडीच ते तीन तास. स्वतःच्या स्की आणि बूट असतील तर ताक्युबिनने, म्हणजे इथल्या घरपोच कुरिअरने, आधीच हॉटेलवर पाठवता येतात, नवऱ्याने बूट पाठवले आणि आम्ही एकेका बॅगेवर गेलो. राहायला आम्ही हिराफू गाव न घेता कुच्चान शहर घेतलं, बसने थोडं लांब पडतं पण हिराफूच्या मानाने बरंच स्वस्त आणि रोजचं सुपरमार्केट, साधी हॉटेलं वगैरे आहेत.

स्की मात्र तिथेच भाड्याने घ्या, आपली असली तरी. ग्रूम्ड उतारावरची स्की बुटाखाली ७०-८० मिलिमीटर रुंद असते, ती खोल बर्फात सरळ बुडते. पावडरची स्की १०० ते ११५ मिलिमीटर, आणि पुढचं टोक वर वळलेलं, त्यामुळे ती तरंगते. बूट घेताना पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजून सांगायचं, आणि मोजा एकच घालायचा, थंडी वाजेल म्हणून दोन घातले तर रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) सेट करण्यासाठी ते वजन आणि तुमची लेव्हल विचारतात, तिथे लाजून वजन कमी सांगू नका किंवा लेव्हल वाढवून सांगू नका, त्यावरच पडल्यावर स्की सुटणार की गुडघा पिळवटणार ते ठरतं. आणि गॉगलला ढगाळ हवेची फिकट लेन्स घ्या. जानेवारीत सूर्य क्वचित दिसतो, सगळं पांढऱ्यावर पांढरं असतं, गडद लेन्समधून उंचसखल काही कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या सकाळी आम्ही इन्स्ट्रक्टर घेतला, पैसे जास्त गेले पण पूर्ण ट्रिपमधला सगळ्यात चांगला खर्च तोच. त्याने आम्हाला लगेच झाडीत वगैरे नेलं नाही, ग्रूम्ड रनच्या कडेला जो न दाबलेला पट्टा राहतो तिथे नेलं, म्हणजे चार वळणं पावडरमध्ये घ्यायची आणि घाबरलं की परत कडक बर्फावर यायचं. कडक बर्फावर आपण वळताना जवळजवळ सगळं वजन बाहेरच्या पायावर टाकतो, ती सवय इतकी मुरलेली असते की पावडरमध्येही तेच होतं, मग वजनाची स्की खाली बुडते, दुसरी वर राहते आणि पाय फाकतात. इथे दोन्ही पाय जवळ आणि वजन दोघांवर सारखं ठेवायचं. दुसरं म्हणजे मागे रेलायचं नाही. टोक बुडेल या भीतीने शरीर आपोआप मागे जातं, पण मग मांड्या जळायला लागतात आणि स्की वळतच नाही, नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला टेकलेली राहिली पाहिजे. तिसरं, घाई नाही. खाली दबायचं, बर्फ आपल्याला वर ढकलतो, त्या वर येण्याच्या क्षणी वळायचं, परत दबायचं. इन्स्ट्रक्टर मागून जोरजोरात "डाऊन, अप, डाऊन, अप" म्हणत होता आणि मी मनात एक-दोन, एक-दोन मोजत होते, आणि कधीतरी ते मोजणं आणि बर्फाचं ढकलणं जुळलं. पायाखाली काही आवाजच नाही, छातीवर बर्फ उडतोय आणि आपण उतरतोय. मी मोठ्याने ओरडले, खूप आनंद झाला होता, अजूनही लिहिताना होतोय.

आणि हो, उतार थोडा तीव्र हवाच. सोप्या, कमी उताराच्या रनवर पावडरमध्ये स्की पुढेच जात नाही, म्हणून घाबरून सोप्या रनवर शिकायला गेलात तर जास्त त्रास होतो.

पडायला होतंच आणि पडल्यावर लागत नाही, पण उठणं अवघड आहे कारण हात टेकला की खांद्यापर्यंत आत जातो. दोन्ही पोल फुलीसारखे आडवे ठेवून मधोमध हात टेकून उठायचं. स्की सुटली असेल तर ती खाली न शोधता आपण पडलो त्याच्या वरच्या बाजूला शोधायची, कारण आपण पुढे घसरत जातो आणि स्की तिथेच बर्फाखाली राहते. नवऱ्याची अशीच गेली. वरपासून दुसरी स्की आडवी बर्फात घालत, कापत कापत ओळीने खाली यायचं, त्यात बराच वेळ गेला, वरून सतत बर्फ पडत होता आणि खुणा बुजत होत्या. काही जण बाइंडिंगला लांब रंगीत पट्टी बांधतात ती यासाठीच, आम्ही संध्याकाळी दुकानातून घेतली.

नंतर झाडीत गेलो. नीसेकोची झाडी म्हणजे मुख्यतः बर्च, पानगळ झालेली आणि विरळ, त्यामुळे वाऱ्याने वरच्या लिफ्ट बंद पडल्या, जे तिथे नेहमी होतं, तरी खाली झाडीत मजा चालू राहते आणि खोडांमुळे पांढऱ्या धुक्यात उंची-खोलीही दिसते. झाडाकडे बघायचं नाही, दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेकडे बघायचं, आपण जिथे बघतो तिथेच जातो. पण सदाहरित झाडांच्या बुंध्याशी फांद्यांखाली पोकळ खड्डा असतो, त्यात डोकं खाली करून पडलं तर एकट्याला निघता येत नाही, माणूस गुदमरतो. म्हणून झाडीत कधीही एकटं जायचं नाही, जोडीदार हाकेच्या अंतरावर हवा आणि गळ्यात शिट्टी हवी. आम्ही दर काही वळणांनी थांबून एकमेकांना हाक मारत होतो.

रिसॉर्टच्या हद्दीबाहेर जायला ठरलेली गेट्स आहेत आणि त्यांचे नियम आहेत, त्यांना नीसेको रूल्स म्हणतात. दोरीखालून जायचं नाही, गेट उघडं असेल तरच जायचं, आणि काही दऱ्या तर कायमच्या बंद, कारण तिथे हिमस्खलनात माणसं गेलेली आहेत. रोज सकाळी हिमस्खलनाच्या धोक्याची माहिती जाहीर होते, ती स्की न करणाऱ्यानेही वाचावी इतकी छान असते. बाहेर अडकलात तर शोधमोहिमेचा खर्च तुमच्याकडून घेतात. आम्ही गेटबाहेर गेलो नाही, बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं बीकन आणि फावडं नाही आणि ते वापरायचं शिक्षणही नाही, आणि आत एवढी पावडर असताना आम्हाला गरजही वाटली नाही. भारतातून येणाऱ्यांनी ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कीइंग धरलंय का ते नीट वाचून घ्या, बऱ्याच साध्या पॉलिसीत ते नसतं.

खाण्याबद्दल थोडक्यात, मी शाकाहारी आहे आणि मिसो सूपमध्येही दाशी, म्हणजे माशाचा अर्क असतो, पण कुच्चान बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे, उकडलेला बटाटा आणि होक्काइदोचं बटर यावर माझं मस्त भागलं. दुपारसाठी मी थालीपिठं नेली होती, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवली की गोठत नाहीत. संध्याकाळी ओनसेन, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याची आंघोळ, आधी अंग स्वच्छ धुवायचं, मग कपड्यांशिवाय पाण्यात, पहिल्यांदा संकोच वाटतो पण दिवसभर दबलेल्या मांड्यांना दुसरं काहीही एवढं बरं करत नाही.

खर्चाचं म्हणाल तर चारही रिसॉर्टचा दिवसाचा पास दहा हजार येनच्या वर जातो, शिकताना त्याची गरज नाही, एकाच रिसॉर्टचा स्वस्त पास पुरतो. जानेवारी मध्य ते फेब्रुवारी मध्य सगळ्यात चांगला काळ, पण चिनी नववर्षाचा आठवडा टाळा, सगळं महाग आणि भरलेलं असतं. आणि परतीच्या दिवशी पहाटेची पावडर बघून मोह होईल, पण लवकरची बस घ्या. ज्या बर्फासाठी आपण येतो त्यानेच न्यू चितोसेची धावपट्टी बंद पडते, आमचं विमानही उशिरा सुटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला महत्त्वाची मीटिंग असेल तर एक दिवस जास्तीची रजा टाकूनच निघा.