तुम्ही विचारलंत म्हणून: कवीचं नाव ठाऊक असेल तर ते लोकगीत कसं?

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते आणि गेली बरीच वर्षं स्पॅनिश कवितांना साध्या चाली लावून विद्यार्थ्यांबरोबर गाते. साथीला एक गिटार, फार तर एक खंजिरी. गाणं लोकगीताच्या अंगानंच जातं. मग शेवटी मी कवीचं नाव सांगते आणि कुणीतरी विचारतंच, "बाई, लोकगीताला कवी नसतो ना? ही तर नावाजलेल्या कवीची कविता, चालही तुमची. मग हे लोकगीत कसं?"

दर वेळी मी घाईत काहीतरी उत्तर देते. आज सवडीनं देते.

स्पॅनिश कवी आंतोनियो माचादोच्या घरापासून सुरुवात करावी लागेल. त्याचे वडील 'देमोफिलो', म्हणजे लोकांचा मित्र, या टोपणनावानं लिहायचे. फ्लामेंको, म्हणजे दक्षिण स्पेनमधलं पारंपरिक गाणं, ते गाणाऱ्यांच्या तोंडच्या कोप्ला त्यांनी गोळा केल्या आणि १८८१ साली छापल्या. कोप्ला म्हणजे तीन-चार ओळींचं सुटं कडवं. विरह, तुरुंग, आईचं मरण, सगळं तेवढ्यात मावतं. असल्या कडव्यांच्या घरात वाढलेली दोन मुलं कवी झाली. थोरल्या मानुएलनं माझ्या प्रश्नाचं उत्तर एका कवितेत देऊनच ठेवलं आहे. लोकांनी गाईपर्यंत कोप्ला ही कोप्ला नसतेच, आणि लोक गाऊ लागले की कर्ता कोण हे कुणालाच ठाऊक नसतं, असं तो म्हणतो. आपलं नाव पुसलं जावं अशी इच्छा धरणारा हा कवी मला फार मोठा वाटतो.

धाकट्या आंतोनियोच्या ओळी तर तुम्ही कुठेतरी वाचल्याच असतील: 'कामिनान्ते, नो आय कामीनो', वाटसरा, वाट अशी नसतेच, चालशील तशी ती होते. बोटांवर मोजा: का-मि-नान्-ते-नोय्-का-मी-नो. आठ. 'नो' आणि 'आय' शेजारी आले की स्पॅनिश कान दोन्ही स्वर एकत्र ओततो, म्हणून ते एकच अक्षर. स्पेनमधली जुनी कथागीतं, म्हणजे रोमान्से, याच आठ अक्षरांवर चालतात आणि कोप्लाही बऱ्याचदा त्याच मापाच्या असतात. आता 'जे का रंजले गांजले' मोजा. तीही आठच. या दोन भाषांनी एकमेकींकडून काही घेतलं असं मी म्हणत नाही. पण धाकट्या अभंगावर वाढलेल्या माणसाला स्पॅनिश ओळ कानाला ओळखीची वाटते, हा माझा वर्गातला रोजचा अनुभव आहे. क्यूबाच्या 'ग्वांतानामेरा' या गाण्याची गंमतही इथेच आहे. होसेइतो फर्नांदेस या गायकानं ती चाल रेडिओवरून घरोघरी नेली. पुढे तिथल्याच होसे मार्ती या कवीच्या १८९१च्या कवितेतली कडवी तिच्यावर अलगद बसली, कारण तीही आठ अक्षरांचीच आहेत.

म्हणजे माप तयार असतं. चाल लावणाऱ्यानं ते मोडायचं नाही, एवढं पथ्य पाळायचं. पण ऐकायला सोपं वाटणारं हे पथ्य पाळायला मला काही वर्षं लागली.

माझ्या पहिल्या चालीत सम 'कामीनो'च्या शेवटच्या 'नो'वर येत होती. मला ती गोड वाटायची. स्पेनच्या एका बाईंनी ती ऐकली आणि हळूच विचारलं, "कोण चाललं?" मला कळेचना. मग त्यांनी समजावलं: आघात 'मी'वर असेल तर 'कामीनो' म्हणजे वाट, आणि तोच आघात 'नो'वर गेला की 'कामिनो' म्हणजे 'तो चालला'. मराठीत आघातानं शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून माझ्या कानाला ते खटकलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी आधी कविता मोठ्यानं वाचते, पुन्हा पुन्हा, आघातांवर टाळी देत. चाल त्या टाळीतून निघते. पुढच्या ओळीचा शेवट 'आन्दार', म्हणजे चालणं, असा आघातावर होतो. मोजली तर ती सातच अक्षरं भरतात, पण स्पॅनिश हिशेबात अशा शेवटाला एक अक्षर वाढवून धरतात. गाताना तिथे एक मात्रा मोकळी सोडावी लागते. ती मोकळी मात्राच मला आता सगळ्यात आवडते, वाट पुढे जाते ती तिथूनच.

अर्थात या ओळींची जगभर गायली गेलेली चाल माझी नाही. ती बार्सिलोनाचा गायक जोआन मानुएल सेर्रात याची. १९६९ साली त्यानं माचादोच्या कवितांची तबकडी काढली. माचादोचा मृत्यू होऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती. स्पेनच्या यादवी युद्धात हरलेल्यांबरोबर सरहद्द ओलांडून तो फ्रान्समधल्या कोलियूर गावी पोचला आणि २२ फेब्रुवारी १९३९ रोजी तिथेच गेला. सेर्रातनं त्याच्या आठ-आठ अक्षरांच्या ओळींपुढे स्वतःची कडवी जोडली, घरापासून दूर मेलेल्या आणि शेजारच्या देशाची धूळ अंगावर घेऊन पडलेल्या कवीची. आज कितीतरी लोक ती कडवीही माचादोचीच समजतात. सांधा दिसेनासा झाला आहे. मानुएलनं म्हटलं होतं, ते त्याच्या धाकट्या भावाच्या कवितेच्या बाबतीत असं घडलं.

त्याच तबकडीतलं दुसरं गाणं याहून विलक्षण आहे. साएता म्हणजे ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात दक्षिण स्पेनमधल्या आन्दालुसियाच्या रस्त्यांवरून मिरवणूक जाताना मूर्तीकडे पाहून कुणीतरी एकट्यानं, बिनसाथीनं घातलेली आर्त साद. माचादोनं त्यावर कविता लिहिली. तिची सुरुवात तो लोकांच्याच एका साएतानं करतो: क्रुसावर चढायला मला शिडी कोण देईल, येशूचे खिळे काढायचे आहेत. आणि शेवटी म्हणतो, लाकडावरच्या या येशूचं गाणं मला गाता येत नाही, गायचंही नाही. समुद्रावरून चालत गेला त्याचं गायचंय. सेर्रातनं तिला चाल लावली. आता आन्दालुसियातली ब्रास बँडची पथकं हीच चाल वाजवत मिरवणुकीत क्रुसावरच्या येशूमागून चालतात. काहींना हा कवीवर अन्याय वाटतो. मला वाटत नाही. ज्या रस्त्यावरून त्यानं ती साद उचलली, त्याच रस्त्यानं ती परत मागून घेतली.

आता माझ्या चालीबद्दल. मिगेल एर्नांदेस या कवीचं अंगाईगीत मी गाते, त्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. एर्नांदेस लहानपणी बकऱ्या चारायचा. यादवी युद्धात तोही हरलेल्या बाजूचा, म्हणून १९३९ साली तो माद्रिदच्या तुरुंगात होता. बायकोचं पत्र आलं की घरात खायला फक्त पाव आणि कांदा आहे, आणि बाळ अंगावर पितंय. उत्तरादाखल त्यानं बाळासाठी अंगाई लिहिली, कांद्याची. वृत्त घेतलं सेगिदियाचं, लोकांच्या नाचगाण्यातलं: सात, पाच, सात, पाच, मग पाच, सात, पाच. लांब-आखूड, लांब-आखूड. म्हणून पाहिलं तर पाळण्याची दोरी हातात आल्यासारखं होतं. भुकेवर लिहायला त्यानं हेच डुलणारं माप निवडलं, हे मला अजूनही वाचताना सहन होत नाही. मार्च १९४२ मध्ये आलिकांतेच्या तुरुंगात क्षयानं तो गेला, एकतीस वर्षांचा.

वर्गात ही कविता शिकवताना कांदा-भाकर हा शब्द मला कधी सांगावा लागत नाही, कुणीतरी तो आपणहून उच्चारतं. या कवितेला आल्बेर्तो कोर्तेसची सुंदर चाल आहे, सेर्रातनं ती गायली आहे. तरी मी माझी बांधली, कारण मला ती मांडीवर बाळ घेऊन, वाद्याशिवाय म्हणता यायला हवी होती. पाचव्या ओळीत 'भूक आणि कांदा' असे शब्द आहेत. तिथे मी सूर एकदम वर नेला होता. त्या जागेचा मला अभिमान होता.

मागे एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. कडेवर पाच महिन्यांची मुलगी. म्हणाली, "बाई, रोज हेच म्हणून झोपवते हिला." आणि म्हणून दाखवलं. पाचव्या ओळीत सूर वर गेला नाही. तो खालीच राहिला, जवळजवळ बोलल्यासारखा. मी विचारलं तर म्हणाली, "तिथे वर गेलं की ही डोळे उघडते."

आता मीही तसंच म्हणते.